रोजचं बायबलवाचन : एक अध्याय, ठरलेल्या वेळी

अंधेरी-बोरिवलीतलं किंवा मुलुंड-घाटकोपरमधलं कुठलंही ख्रिस्ती घर घ्या, तिथे बायबल असतंच. कुणाकडे लग्नात भेट मिळालेलं, कुणाकडे आजीचं, शिवण उसवलेलं. शिवाय घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर ॲप वेगळंच. तरीही रविवारी उपासना किंवा मिस्सा संपून चार जण बोलत उभे राहिले की एक खंत हमखास ऐकू येते : रोज वाचायचं ठरवतो, पण होत नाही. सकाळी पाण्याची वेळ, मग डबे, मग गाडी. संध्याकाळी लोकलमधून उतरून घरी पोचेपर्यंत अंगात त्राण उरत नाही.

ही तक्रार खरी आहे आणि ती करणाऱ्या माणसांच्या श्रद्धेत काही कमी नाही. मुलुंडच्या दोन खोल्यांच्या घरात, नोकरी आणि संसार सांभाळून ही सवय मी जपत आले आहे. त्यातून माझी एक खात्री झाली आहे. रोजचं वाचन मनाच्या उभारीवर चालत नाही, ते ठरलेल्या वेळेवर चालतं. आणि टिकवायचं असेल तर थोडं वाचावं, सलग वाचावं आणि आपल्या भाषेत मोठ्याने वाचावं. हे प्रत्यक्षात कसं जमवायचं, ते पुढे सांगते.

किती वाचायचं?

बऱ्याच जणांची सुरुवातच झेपणार नाही अशी असते. वर्षाखेरीच्या रात्रीच्या उपासनेत ठरतं, 'यंदा संपूर्ण बायबल वाचून काढायचं.' 66 पुस्तकांच्या बायबलमध्ये 1,189 अध्याय आहेत. कॅथलिक बायबलमध्ये 73 पुस्तकं असल्यामुळे त्याहून जास्त. म्हणजे रोज तीनपेक्षा थोडे अधिक अध्याय. 1 जानेवारीपासून रोज तीन धरले तर पहिले दोन-अडीच आठवडे अब्राहाम, याकोब, योसेफ यांच्या गोष्टींत कसे जातात ते कळत नाही. 25 जानेवारीच्या सुमारास निर्गमाच्या पंचविसाव्या अध्यायात निवासमंडपाची मापं सुरू होतात : कोश किती हात लांब, पडदे किती, फळ्या किती. महिनाअखेरीला लेवीय उघडतं आणि होमार्पणाच्या विधींपाशी अनेकांचं वाचन थांबतं. दोष त्या पुस्तकांचा नाही आणि वाचणाऱ्याचाही नाही. नवख्या माणसासाठी तो क्रम आणि तो वेग दोन्ही जड आहेत.

स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातले तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी 1842 मध्ये आपल्या मंडळीसाठी वाचनाचा एक तक्ता तयार केला. वर्षभरात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रसंहिता दोनदा, असं त्याचं स्वरूप. जगभर अनेक जण आजही तो वापरतात. पण तक्ता हाती देतानाच मॅकशेन यांनी त्यातले धोकेही बजावले होते : वाचन नुसता उपचार होऊन बसेल, घाईघाईत उरकलं जाईल, वाचणाऱ्याला आपल्या धार्मिकतेचा गर्व चढेल आणि काहींना ते न पेलणारं जोखड वाटेल. तक्ता करणाऱ्यानेच हे सांगितलं असल्यामुळे आपण ते मनावर घ्यावं.

मी सुचवते तो हिशेब सोपा आहे. नव्या करारात 260 अध्याय आहेत. वर्षात 52 आठवडे. सोमवार ते शुक्रवार रोज एक अध्याय वाचला की वर्षभरात संपूर्ण नवा करार होतो. शनिवार राहिलेलं वाचायला किंवा आवडलेला भाग पुन्हा वाचायला आणि रविवार मंडळीबरोबर ऐकायला. सुरुवात मार्कपासून करा. चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, 16 अध्यायांचं आहे. त्यातला एक अध्याय शांतपणे मोठ्याने वाचायला पाच ते आठ मिनिटं लागतात. तीन आठवडे आणि एक दिवस, एवढ्यात एक पूर्ण पुस्तक वाचून होतं. ते समाधान पुढच्या पुस्तकाला बळ देतं. मार्कनंतर लूक घ्या आणि त्यालाच जोडून प्रेषितांची कृत्ये, कारण ही दोन्ही पुस्तकं एकाच लेखकाची आहेत आणि एकच हकिगत दोन भागांत सांगतात. पौलाची पत्रं त्यानंतर घेतली की ती कुणाला आणि कुठल्या प्रसंगी लिहिली, हे आपोआप उलगडत जातं.

ज्यांना महिन्याच्या तारखेचा आधार हवा त्यांच्यासाठी नीतिसूत्रे आहे. त्याचे 31 अध्याय. आज जी तारीख, तो अध्याय. नाताळच्या तयारीसाठी लूक उत्तम. त्याचे 24 अध्याय 1 डिसेंबरला सुरू केले की नाताळच्या आदल्या दिवशी पूर्ण होतात.

वेळ आणि जागा

'वेळ मिळेल तेव्हा' हे शब्द मनातून काढून टाका. उपनगरातल्या माणसाला वेळ मिळत नसतो. दिवसातलं एखादं न चुकणारं काम शोधा आणि वाचन त्याला जोडा. आमच्याकडे ते पहिल्या चहाला जोडलेलं आहे : कप ओट्यावर ठेवला की बायबल उघडायचं आणि अध्याय झाल्याशिवाय मोबाइल हातात घ्यायचा नाही. तुमच्याकडे मुलांची स्कूलबस गेल्यानंतरची दहा मिनिटं असतील किंवा जेवणानंतर ताटं उचलण्याआधीची. रुग्णालयात किंवा कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करणाऱ्यांनी 'पहाटेची वेळच पवित्र' असं मनावर ओझं घेऊ नये. तुमचा दिवस दुपारी तीनला उजाडत असेल तर तीच तुमची पहाट.

जागाही ठरलेली असू द्या. लहान घरात वेगळी खोली कुठून आणणार? पण एक खुर्ची, खिडकीचा एक कोपरा, पुस्तक ठेवायची एक फळी इतकं जमतं. कपाटात कपड्यांखाली ठेवलेलं बायबल काढायलाच आळस येतो. ते डोळ्यांसमोर, हाताशी असावं.

लोकलमध्ये वाचावं का? बोरिवलीहून सुटणाऱ्या गाडीत जागा मिळाली तर चर्चगेटपर्यंत तासाभराचा प्रवास असतो. तेवढ्यात मार्कचे पाच-सहा अध्याय सहज होतात. पण घाटकोपरला मधेच चढणाऱ्याला हात वर करून कडी धरता आली तरी पुष्कळ. म्हणून मुख्य वाचन घरीच करावं आणि प्रवासात सकाळचा अध्याय आठवावा किंवा ॲपवर मराठी बायबल कानाला लावून तोच भाग पुन्हा ऐकावा.

प्रवासासाठी एक भाग मात्र जरूर जवळ ठेवा : स्तोत्र 120 ते 134. ही पंधरा स्तोत्रं यरुशलेमेच्या यात्रेला निघालेले लोक वाटेने गात, असं परंपरा सांगते. आपले वारकरी वाटचालीत अभंग म्हणतात, तसंच. बहुतेक स्तोत्रं इतकी लहान आहेत की भांडुप ते मुलुंड एवढ्या अंतरात एक सावकाश वाचून होतं. त्यांत डोंगर आहेत, घर बांधणं आहे, पेरणी-कापणी आहे, मांडीवरचं शांत झालेलं मूल आहे. थकून घरी परतणाऱ्या माणसाला ती लगेच जवळची वाटतात.

आगगाडीतल्या वाचनाने मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासाला तर वळणच दिलं आहे. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले असताना डब्यात एका अनोळखी गोऱ्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि वाचण्याचा आग्रह केला. टिळकांना ते पुस्तक वाचायची फारशी ओढ नव्हती, पण शब्द दिला म्हणून ते नेमाने वाचू लागले आणि मत्तयाच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी पोचल्यावर त्यांना ते खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपल्या कामाचा मुद्दा असा की टिळकांनी ओढ लागण्याची वाट पाहिली नाही. वाचायला सुरुवात आधी झाली, गोडी नंतर लागली. आपल्याही बाबतीत क्रम बहुधा हाच असतो.

कुठलं भाषांतर घ्यावं?

मराठी वाचकाला आज निवडीला वाव आहे आणि तो फुकट मिळालेला नाही. विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या मदतीने केलेला मराठी नवा करार 1811 मध्ये बंगालातल्या सेरामपूरला छापला गेला. पुढे मुंबईत अमेरिकन मराठी मिशनने हे काम हाती घेतलं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणलं. त्या संस्कृतच्या विदुषी होत्या, तरी डोळ्यांसमोर होत्या खेड्यापाड्यांतून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आलेल्या बायका. शाळा, शेती, दुष्काळात आलेल्या शेकडो मुलीबायकांचा संसार हे सगळं सांभाळत त्या वर्षानुवर्षं भाषांतराला बसत राहिल्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचं निधन झालं आणि 1924 मध्ये मुक्ती मिशनच्याच छापखान्यातून ते बायबल बाहेर पडलं. वाचायला वेळ नाही असं मनात आलं की मला हा छापखाना आठवतो. अलीकडच्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' सिद्ध केलं. त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला.

व्यवहारात असं करा. मंडळीत जे भाषांतर वाचलं जातं, ते रोजच्या वाचनासाठी ठेवा. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ते बहुधा बायबल सोसायटीचं असतं. म्हणजे रविवारी कानांवर पडणारे आणि घरी वाचलेले शब्द एकमेकांना बळकटी देतात. वाक्य जड गेलं की सोप्या मराठीतली आवृत्ती किंवा 'सुबोध बायबल' बाजूला घ्या. घरात कुणाची नजर अधू असेल तर मोठ्या टाइपातली प्रत आणा. छापील पुस्तकाचा आणखी एक फायदा : त्यावर कुणाचा मेसेज येत नाही.

वाचताना काय करायचं?

पहिलं म्हणजे आवाज काढून वाचा. शेजारची खोली झोपलेली असेल तर पुटपुटा, पण ओठ हलू द्या. डोळ्यांनी वाचताना आपण ओळखीची वाक्यं ओलांडून पुढे जातो. तोंडाने वाचताना प्रत्येक शब्दाशी थांबावं लागतं.

मग तीन गोष्टी विचारा. इथे काय घडलं? मला काय कळलं नाही? आजच्या दिवसात याचं काय करू? उत्तरं साध्या वहीत, प्रत्येकी एका ओळीत लिहा. पान भरायचा अट्टहास नको.

मार्कचा पाचवा अध्याय घेऊन पाहू. सभास्थानाचा अधिकारी याईर याची बारा वर्षांची मुलगी मरण पावली आहे. घरात रडारड चालू आहे. येशू सगळ्यांना बाहेर काढतो, मुलीचा हात धरतो आणि तिला उठवतो. भराभर वाचणारा चमत्कारापाशीच थांबतो. पण अध्यायाचं शेवटचं वचन पाहा : तिला काहीतरी खायला द्या, असं येशू सांगतो. मुलगी आजारातून उठली आहे, तिला भूक लागली असेल, हे त्या थक्क झालेल्या घरात फक्त त्याला सुचतं. ज्या दिवशी मी हे वचन मोठ्याने वाचलं, त्या दिवशी शेजारच्या आजारी बाईंकडे नुसती चौकशीला जाण्याऐवजी मऊ भात घेऊन गेले. 'आजच्या दिवसात याचं काय करू' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच साधं असतं.

दुसरं उदाहरण रूथच्या पुस्तकातलं. ते फक्त चार अध्यायांचं आहे, एका आठवड्यात पुरं होतं. दुसऱ्या अध्यायात परदेशातून आलेली विधवा सून रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचते. दुपारी तिला भाजलेला हुरडा मिळतो. ती पोटभर खाते आणि थोडा मागे ठेवते. संध्याकाळी झोडून निघालेलं सातू घेऊन ती घरी येते, तेव्हा तो राखून ठेवलेला घासही सासूच्या हातात देते. ही गोष्ट मुलांना सांगताना आपण लग्नाकडे धाव घेतो. दिवसाकाठी एक अध्याय वाचला की हा घास दिसतो.

घरात, मुलांबरोबर

आपल्या उपनगरांत एक अडचण घरोघर आहे. आजी-आजोबा अहमदनगर, जालना, सोलापूरकडून आलेले किंवा इथल्याच गावठाणातले, मराठीत प्रार्थना करणारे. मुलं इंग्रजी माध्यमात, संडे स्कूलच्या गोष्टीही इंग्रजीत. बोरिवली, गोराई, अंधेरीच्या ईस्ट इंडियन घरांत तर घरची बोली, चर्चमधली भाषा आणि शाळेची भाषा अशा तीन-तीन भाषा नांदतात. परिणामी एकाच छताखाली बायबल दोन-तीन भाषांत वाचलं जातं, पण एकत्र वाचलं जात नाही.

यावर सोपा उपाय आहे. आठवड्यातून दोन रात्री सगळे एकत्र बसा आणि दहा-बारा वचनांचाच भाग घ्या. आधी एखाद्या मुलाला तो इंग्रजीत वाचू द्या, म्हणजे अर्थ कळलेला असेल. मग तोच भाग आजीने किंवा आजोबांनी मराठीत वाचावा. काही आठवड्यांनी मुलाला मराठी वाचायला सांगा. अडखळलं तर शब्द सांगा, हसू नका, चारचौघांत चूक काढू नका. दाखले यासाठी फार चांगले : हरवलेलं मेंढरू, उधळा पुत्र, चांगला शोमरोनी. हे तिन्ही लूकमध्ये आहेत. वाचून झाल्यावर प्रवचन देऊ नका. 'यातलं कोण आवडलं?' एवढंच विचारा आणि मुलाचं उत्तर पूर्ण होऊ द्या.

पाठांतराची जुनी रीत पुन्हा सुरू करा. वर्षाला तीन भाग पुरेत : स्तोत्र 23, जे सहा वचनांचं आहे, स्तोत्र 121, जे आठ वचनांचं आहे, आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय.

अवघड पानं आणि राहून गेलेले दिवस

काही पानं रुक्ष वाटतील. मत्तयाच्या सुरुवातीची वंशावळ लोक सरळ ओलांडतात. ती एकदा सावकाश वाचा. बापांच्या त्या लांबलचक यादीत मरीयेआधी चार बायकांचा उल्लेख आहे : तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको. प्रत्येकीच्या वाट्याला समाजाची वाकडी नजर आली होती. मत्तयाने त्यांना तिथे का आणलं असेल, हा प्रश्न एका सकाळला पुरतो.

काही पानं अस्वस्थ करतील : यहोशवामधल्या लढाया, स्तोत्र 137 चा शेवट. ती गुळगुळीत करून वाचू नका आणि लपवूही नका. 'कळलं नाही' असं वहीत लिहा आणि तो प्रश्न पाळकांकडे, फादरांकडे किंवा प्रार्थनासभेत न्या. तुमच्या मंडळीत घरोघरी सभा होत असेल किंवा पॅरिशमध्ये लघु ख्रिस्ती समूह असेल तर तिथे बसणं सुरू करा. एकट्याच्या वाचनात आपल्याला पटणाऱ्या वचनांवरच बोट ठेवायची सवय लागते. चार जणांत ती सुटते.

दुःखाच्या दिवसांत नेहमीचा अध्याय बाजूला ठेवायला हरकत नाही. तेव्हा स्तोत्र 13 वाचा, स्तोत्र 88 वाचा. 88वं स्तोत्र शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहतं, सांत्वनाचा एक शब्दही त्यात येत नाही. असा आक्रोशही पवित्र शास्त्राने जपून ठेवला आहे, हे कळणं हेच तेव्हा मोठं सांत्वन असतं.

आणि दिवस चुकणारच. आजारपण येईल, पाहुणे येतील, पावसात गाड्या बंद पडून मध्यरात्री घरी पोचाल. चुकलेल्या दिवसांचे अध्याय एका बैठकीत भरून काढायचा प्रयत्न करू नका. त्यातूनच 'आता काही जमायचं नाही' ही भावना येते. आजचा अध्याय वाचा आणि पुढे चला. आठवड्यात शनिवार मोकळा ठेवला आहे तो याचसाठी.

मंडळीच्या पावलांबरोबर

कॅथलिक वाचकांना वेगळा तक्ता करायची गरज नाही, तो चर्चने दिलेलाच आहे. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात : एका वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. सणांच्या काळात योहान येतो. सामान्य काळातल्या वारांची पहिली वाचनं दोन वर्षांच्या चक्रात असतात. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी नवं वर्ष सुरू होतं. रोजच्या मिस्सेला जाणं शक्य नसलं तरी त्या दिवसाचं शुभवर्तमान घरी वाचता येतं आणि ते वाचताना जगभरची चर्च तोच भाग वाचत असते. पोप फ्रान्सिस यांनी 2019 मध्ये सामान्य काळातला तिसरा रविवार देवशब्दासाठी राखून ठेवला. जानेवारीअखेरीच्या सुमारास येणारा हा रविवार घरातल्या वाचनाची सुरुवात करायला अतिशय योग्य. प्रॉटेस्टंट वाचकांनी पाळकांना पुढच्या रविवारचा शास्त्रपाठ आधीच विचारून ठेवावा आणि शनिवारी तो वाचून जावा. प्रवचन निराळ्याच लक्षाने ऐकलं जातं.

या सवयीचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर मी किती वेळा बायबल वाचून झालं ते सांगणार नाही. रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या घरच्या माणसाजवळ काय बोलावं ते सुचत नाही, तेव्हा आपल्या भाषेतलं एखादं स्तोत्र मुखी येतं. कामावर कुणी पाणउतारा केला की उत्तर देण्याआधी डोंगरावरचं प्रवचन आडवं येतं. ते शब्द ऐनवेळी शोधून सापडत नाहीत. आधीच्या कितीतरी साध्या सकाळी ते वाचलेले असावे लागतात. तेव्हा आज रात्रीच बायबल फळीवरून खाली घ्या, मार्कच्या पहिल्या अध्यायात खूण घाला आणि उद्या कुठल्या कामाआधी वाचणार ते घरच्यांना सांगून ठेवा. आपण विसरलो तर तेच आठवण करतील.